गेंदा सिस्टरचा पांढरा झगा

दवाखान्यापुढच्या अंगणात लिंबापासून खांबापर्यंत एक तार ताणलेली होती. गेली अकरा वर्षं गेंदा सिस्टर त्या तारेवर आपला पांढरा झगा वाळत घालत असे. रस्त्यावरून जाणाऱ्याला तो लांबून दिसे. झगा तारेवर आहे म्हणजे सिस्टर घरी आहे, असं पाड्यांवरच्या बाया धरून चालत. मागच्या दिवाळीनंतर मात्र सिस्टरने तार सोडली. झगा आतल्या खोलीत, पंख्याखाली, खुर्चीच्या पाठीवर वाळायला लागला. कुणी विचारलं तर ती म्हणे, "धूळ फार उडते हल्ली."

धूळ आधीही उडतच होती. सिस्टर घाबरली होती, एवढंच.

ती बावन्न वर्षांची. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावलच्या वरच्या अंगाला पावरा आदिवासींचे पाडे आहेत, त्यातल्याच एकावर तिचा जन्म. आजोबांच्या वेळेपासून घर ख्रिस्ती. गेंदा दहावी झाली, नर्सिंग शिकली, आणि चोविसाव्या वर्षी धुळ्याला, देवपुरातल्या मठात तिने नन होण्याची व्रतं घेतली. त्या दिवशी तिची आई बिजलीबाई अंगभर चांदी घालून पहिल्यांदाच धुळ्याला आली होती. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर तिने लेकीच्या झग्याची किनार दोन बोटांत धरून चोळून पाहिली आणि म्हणाली, "सुती आहे. टिकेल." मग तिने विचारलं, "आपल्या बाईच्या अंगावरची चांदी पाहिली की कळतं, ही पावऱ्याची. हे पाहून काय कळायचं?"

गेंदा म्हणाली, "कळेल की हिला कुणीही हाक मारली तर चालते."

"मग हाका फार येतील," बिजलीबाई म्हणाली.

आणि हाका आल्याच. पांढरा झगा, डोक्यावर केस झाकणारा करडा कापडी वेल, गळ्यात लाकडी क्रूस. एसटीत बसली की शेजारची बाई आपलं पोर तिच्या मांडीवर ठेवून म्हणे, बघा हो, ह्याचं पोट किती फुगलंय. बाजारात कुणी डॉक्टरची चिठ्ठी पुढे करे, कुणी नवऱ्याच्या दारूचं गाऱ्हाणं सांगे. चहाचा कप कधी निवांतपणे संपला नाही. कधी कधी तिला वैताग येई. पण पाड्यापाड्यांवर सिकलसेलची तपासणी तिनेच सुरू केली होती. रक्ताच्या ह्या आजाराने पोरं अधूनमधून हातापायाच्या दुखण्याने तळमळत, डोळे पिवळे पडत, आणि घरचे भगताकडे, मंत्र घालणाऱ्याकडे धावत. सिस्टर शाळेत जाऊन पोरांची बोटं टोचायची, रक्त तपासायची आणि ज्याला आजार निघेल त्याला जळगावच्या मोठ्या दवाखान्यात स्वतः घेऊन जायची. पोरांना तिचं नाव माहीत नसे. त्यांच्या लेखी ती बोट टोचणारी पांढरी बाई.

मागच्या वर्षी नोव्हेंबरात ती दोन मुलींना घेऊन धुळ्याला निघाली होती. एक अठराची, एक एकोणिसाची. देवपुरात नर्सिंगचा वर्ग सुरू होणार होता, तिथे त्यांचं नाव घालायचं होतं. वाटेत चोपड्याच्या स्टँडवर गाडी बदलावी लागे. तिथे ह्या तिघी बाकावर बसल्या असताना चहाच्या टपरीवरचे पाच-सहा तरुण पुढ्यात येऊन उभे राहिले.

"पोरींना कुठे नेताय?" त्यातल्या एकाने विचारलं.

"धुळ्याला. नर्सिंगला."

"आईबाप कुठे आहेत ह्यांचे? फोन लावा त्यांना. आमच्यासमोर लावा."

सिस्टरने फोन लावला. पाड्यावर रेंज नव्हती. तेवढ्यात भोवती पन्नासेक माणसं जमली आणि सगळ्यांच्या हातात मोबाईल. प्रश्न विचारणारा तिशीच्या आतबाहेरचा, दाढी राखलेला. बाकीचे त्याला समाधान म्हणत होते. त्याने तिला हात लावला नाही की शिवी दिली नाही. धर्म बदलायला पोरी पळवतात, आमच्या पोरींची जबाबदारी आमच्यावर आहे, असं तो मोठ्या आवाजात बोलत होता. त्या बोलण्यात ढोंग नव्हतं. त्याला ते मनापासून खरं वाटत होतं, आणि सिस्टरला त्याचंच सर्वांत जास्त भय वाटलं. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं. ह्याला काय सांगणार?

मग मागून कुणीतरी वेल ओढला. पिन डोक्याच्या कातडीत घुसून निघाली. तिने वळून पाहिलं तर सगळे चेहरे सारखेच दिसले.

पोलीस आले. तिघींना चौकीत नेलं. तीन तासांनी पाड्यावर फोन लागला, आईबापांनी सांगितलं, आम्हीच पाठवलंय. कागद बरोबर होते. एक हवालदार चांगल्या मनाने म्हणाला, "सिस्टर, तुमच्याच भल्याचं सांगतो. हे असे कपडे घालून नका फिरू."

मोठी मुलगी धुळ्याला गेली. धाकटीने परतीची गाडी धरली. तिची आई म्हणाली, नको ती नर्सिंग.

तो व्हिडिओ आठवडाभरात पाड्यांवरही पोचला. ज्यांनी सिस्टरच्या हातून औषध घेतलं होतं, त्यांनीही तो पाहिला. आता तिच्याशी बोलायच्या आधी लोक क्षणभर थांबायला लागले. सिस्टरचं म्हणाल तर रस्त्यावर मोटरसायकलचा वेग कमी झाला की तिच्या हातातलं काम थांबे. गाडी पुढे निघून जाईपर्यंत ती दाराआड उभी राही. ओळख नसलेला पेशंट आला की ती आधी त्याच्या खिशाकडे, मोबाईलकडे बघे. सकाळच्या प्रार्थनेत ओठ हलत, पण शब्द कुठे जातात ते तिला कळत नसे. अठ्ठावीस वर्षं ज्या कपड्यात ती निर्धास्त वावरली, तो आता अंगावर चढवताना तिला वाटे, आपण आपल्याच पाठीवर खूण करून घेतोय, मारणाऱ्याला सोपं जावं म्हणून.

देवपूरच्या मठाच्या प्रमुख सिस्टर फ्लोरिना तिला भेटायला आल्या. वसईकडच्या, अडुसष्ट वर्षांच्या, बोलायला सडेतोड. त्यांनी डोक्यावरची जखम पाहिली आणि म्हणाल्या, "गेंदा, ठरलंय. मठाबाहेर, प्रवासात, सगळ्यांनी पंजाबी ड्रेस घालायचा. मी तुला विचारत नाही, सांगतेय."

त्यांना वाटलं होतं, ही वाद घालेल. वाद कसे असतात ते त्यांना ठाऊक होतं. तरुण सिस्टर म्हणत, कपड्यात काय आहे, साध्या कपड्यात बाया जास्त मोकळ्या बोलतात. जुन्या म्हणत, गणवेश उतरवला की शिपाई घरी जातो. फ्लोरिना सिस्टर दोन्ही बाजूंची उत्तरं तयार ठेवून आल्या होत्या.

गेंदाने फक्त विचारलं, "कोणत्या रंगाचा?"

विचारलं आणि तिची तिलाच लाज वाटली. एवढ्या लवकर? फ्लोरिना सिस्टरनी तिच्याकडे पाहिलं आणि पाठीवर हात ठेवला. "घाबरणं पाप नाही," त्या म्हणाल्या. गेंदाला ते पटलं नाही, पण ऐकून बरं वाटलं.

पिस्ता रंगाचा ड्रेस आला. तो घालून ती पहिल्यांदा एसटीत चढली तेव्हा कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. कंडक्टरने "सरका हो मावशी" म्हटलं. तिने खिडकीची जागा धरली, केळीच्या बागा बघितल्या, स्टँडवर उतरून भजी खाल्ली आणि चहा पहिल्यापासून शेवटच्या घोटापर्यंत गरम प्यायली. खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. घरी येऊन तिने ड्रेस घडी करून ठेवला. आपल्याला इतकं हलकं वाटावं, ह्याचीच तिला आता भीती वाटायला लागली.

एकदा फैजपूरच्या गाडीत तिच्या शेजारी तापाने फणफणलेलं पोर घेऊन एक बाई बसली होती. सिस्टर वाट पाहत राहिली, पण बाई काही बोलेना. शेवटी हिनेच विचारलं, "किती दिवसांपासून आहे ताप?" आणि सवयीने पोराच्या कपाळाला हात लावायला गेली. बाईने पोर पलीकडे ओढून घेतलं.

"तुम्हाला काय करायचंय?"

तिचं चुकलं नव्हतं. अनोळखी बाईला कोण कशाला पोर देईल? सिस्टर खिडकीबाहेर बघत बसली. बाई यावलच्या आधीच कुठेतरी उतरली. त्या पोराचं पुढे काय झालं, ते तिला कधीच कळलं नाही.

फेब्रुवारीत मठाची महिन्याची बैठक होती. चॅपेलमध्ये, मठातल्या प्रार्थनाघरात, झगा लागतो, म्हणून तिने घडी करून तो पिशवीत घातला आणि पिस्ता ड्रेस घालून निघाली. अकराच्या सुमाराला ती त्याच स्टँडवर उतरली.  चहाच्या टपरीकडे न बघता ती बायकांच्या बाकावर जाऊन बसली. धुळ्याच्या गाडीला अर्धा तास होता.

समोरच्या बाकावर एक मुलगी बसली होती. अंगावर कडक नवी साडी, हातभर मेंदी, पायात मापापेक्षा मोठ्या चपला. वय पंधराच्या वर नसावं. एका बाजूला पंजाबी ड्रेसमधली चाळिशीची बाई, दुसऱ्या बाजूला पानाने तोंड भरलेला एक माणूस. दोघं आपसात हिंदीत बोलत होते. मुलीला ते कळत नसावं, कारण ती दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. मध्येच ती कळवळून गुडघा दाबून धरी, आणि बाई तिला कोपराने ढोसे.

मुलीने मान वर केली तेव्हा सिस्टरला तिचे डोळे दिसले. हळदीसारखे पिवळे. बोटांचे सांधे सुजलेले.

सिस्टर उठली. पाण्याची बाटली पुढे करून तिने पावरी भाषेत हळूच विचारलं, "दुखतंय का, पोरी? कोणत्या पाड्यावरची तू?"

आपली भाषा ऐकून मुलगी दचकली. क्षणभर तिचा चेहरा उघडला, मग लगेच मिटला. तिने मान फिरवली आणि पदर तोंडावर ओढला. भाषा ओळखीची, तरी पंजाबी ड्रेसमधली, गोड आवाजाची परकी बाईच. असल्याच एका बाईने तिला घरून आणलं होतं.

"क्या चाहिए?" शेजारची बाई म्हणाली.

"काही नाही. पाणी."

"है हमारे पास."

सिस्टर मागे फिरली. फलाटाच्या कोपऱ्याला बोरं विकणारी भिकुबाई तिला बारीक आवाजात म्हणाली, "ताई, हाई पोर सकायपासून रडी ऱ्हायनी. ती बाई तिले बोलू देस नही."

सिस्टरने पोलिसांना फोन लावला. पलीकडून सांगितलं, गाडी पाठवतो, थोडा वेळ लागेल. ती कंट्रोलरच्या खिडकीशी गेली. गाड्यांच्या वेळा पुकारणारा तो माणूस चष्म्यावरून बघत म्हणाला, "बाई, तुम्ही कोण तिच्या?"

 मी सिस्टर आहे, असं ती म्हणाली असती तर त्याने पिस्ता ड्रेसकडे पाहिलं असतं. तेवढ्यात भोंग्यावर इंदूरची गाडी लागल्याचं पुकारलं. सुटायला पंधरा मिनिटं.

पिशवी हातात होती. ती बायकांच्या संडासात शिरली. फरशी ओली, कडी तुटकी. एका पायाने दार दाबून धरून तिने झगा बाहेर काढला. बाहेर टपरी होती. टपरीवर ती पोरं असतील. आज तर हातात आईबापांचा फोन नाही, कागद नाही, मुलगीसुद्धा ओळखीची नाही. आज खरंच मी परकी पोर धरणार आहे. त्यांना जे वाटत होतं, नेमकं तसंच दिसेल. आज वेल ओढून थांबणार नाहीत.  तिने झगा परत पिशवीत कोंबला. पोलीस येतीलच. न आले तर? गाडी गेली तर ती मुलगी सापडायची नाही, आणि एवढं रक्त नासलेल्या मुलीचं तिकडे एका वर्षात काय होईल, ते नर्सला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिने झगा पुन्हा बाहेर काढला. देवाचं नाव घ्यायला गेली तर तोंडात आईचं नाव आलं. पिन लावताना ती दोनदा बोटात टोचली. वेल वाकडाच बसला. तशीच ती बाहेर पडली.

ती दोघं मुलीला उठवून गाडीकडे चालली होती. सिस्टर फलाटाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. एवढ्या करड्या, मळक्या गर्दीत पांढरं एकदम उठून दिसलं. लोक वळून बघायला लागले. मुलीनेही पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली. तिच्या पाड्यावर, तिच्या शाळेत, दोन वर्षांपूर्वी ह्याच कपड्यातली एक बाई आली होती. तोंड तिच्या लक्षात नव्हतं, कपडा होता.

"बोट टोचणारी," ती पावरीत म्हणाली, आणि हात सोडवून लंगडत येऊन सिस्टरच्या झग्याला बिलगली.

"अरे, ये क्या है?" ती बाई ओरडत आली. "छोड़ो! बहू है हमारी."

माणसाने मुलीचा दंड धरला. सिस्टरने दुसरा धरला. आणि तिला जे नको होतं तेच झालं. टपरीकडून तिघे धावत आले. पुढे समाधान.

"पुन्हा तुम्ही?" तो म्हणाला.

त्या बाईला आयतीच संधी मिळाली. "देखो भैया, ये क्रिस्चन बाई हमारी लड़की को भगा रही है. मैंने इनका वीडियो देखा है."

मोबाईल वर झाले. घोळका आवळला. सिस्टरला मागे उभ्या असलेल्या माणसाचा श्वास मानेवर लागला, आणि डोक्यावरची जुनी जखम ठणकली.  पळून जावंसं वाटत होतं, पण पायांनी ते केव्हाच अशक्य करून टाकलं होतं. ती मुलीला घेऊन फलाटावर खाली बसली. ते धैर्य नव्हतं. उभं राहवलं नाही म्हणून बसली.

बसल्यावर मात्र तिला बोलता आलं.

"दादा," ती समाधानला म्हणाली.  "तुमचा माझ्यावर संशय आहे ना? मग मला इथून हलू देऊ नका. पोलिसांना मीही फोन केलाय, तुम्हीही करा. फक्त ह्या दोघांनाही हलू देऊ नका. मागच्या वेळी मला जे प्रश्न विचारलेत, तेच ह्यांना विचारा. आईबाप कुठे आहेत, फोन लावा म्हणावं. तुमच्यासमोर लावा."

 हे समाधानला अपेक्षित नव्हतं. त्याच्या सोबतचा एक जण म्हणाला, "हिचं काय ऐकतोस?" पण समाधान त्या माणसाकडे वळला होता.

"गाव कोणतं पोरीचं?"

माणसाने एक नाव सांगितलं. त्या बाईने त्याच वेळी दुसरंच सांगितलं.

"आधार कार्ड आहे ना," बाई घाईने म्हणाली आणि कार्ड काढलं. कार्डावर वय एकवीस होतं. समाधानने कार्डाकडे पाहिलं, मग मुलीकडे. तिची पावलं मोठ्या चपलांतून निसटून उघडी पडली होती.

"तू सांग," तो मुलीला म्हणाला. "कोण हे तुझे?"

मुलगी पावरीत भडाभडा बोलायला लागली. सिस्टरने मराठीत सांगायला तोंड उघडलं तर समाधानने हात आडवा केला. "तुम्ही नाही. तुम्ही सांगाल तेच ती बोलली कशावरून?"

रागावण्यासारखं होतं, पण सिस्टरने मान हलवली. "बरोबर आहे. दुसरं कुणी शोधा."

घोळक्यात केळीचे घड भरायला निघालेला एक पावरा म्हातारा होता, डोक्याला फडकं बांधलेला.  भिकुबाईने त्याला दंडाला धरून पुढे आणलं. तो मुलीच्या शेजारी उकिडवा बसला, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "सुनिता नाव सांगते. बाप नाही. मामाने ह्या बाईसंगं धाडली. कामाला म्हणून. साडी काल नेसवली. कुठे चालली, तिला ठावं नाही."

पानवाला माणूस मागे सरकत सरकत इंदूरच्या गाडीच्या पायरीपर्यंत पोचला होता. समाधानने धावत जाऊन त्याची कॉलर धरली. ड्रायव्हरने गाडी बंद केली. पोलीस आणखी दहा मिनिटांनी आले. ती दहा मिनिटं मुलीचं डोकं सिस्टरच्या मांडीवर होतं, आणि सिस्टर इतकी कापत होती की मुलीनेच तिचा हात धरून ठेवला.

चौकीत पुन्हा त्याच बाकावर चार-पाच तास गेले. सुनिताला आधी दवाखान्यात नेलं. तिचं रक्त फारच उतरलं होतं, दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. जबाब चालू असताना समाधान शेजारच्या बाकावर बसून होता. तो समोर बघतच म्हणाला, "त्या दिवशी विचारलं, त्यात चूक होती असं मी म्हणणार नाही."

"विचारण्यात चूक नव्हती," सिस्टर म्हणाली. "ओढण्यात होती."

"ते मी केलं नाही."

"कुणी केलं ते तुम्ही पाहिलं असेल."

समाधानने खिशातून मोबाईल काढला आणि त्यात बघत राहिला.  पण जबाब त्याने खरा दिला. शब्दाला शब्द, जसं घडलं तसा.

ह्याही वेळी व्हिडिओ फिरलाच. काहींवर लिहिलं होतं, सिस्टरने मुलीला वाचवलं. पण जास्त फिरला तो दुसरा, ज्यात ती फलाटावर बसलेली दिसते, मुलगी बिलगलेली, आणि वर लिहिलंय, पुन्हा एकदा रंगेहाथ पकडली. तो पाहून दवाखान्याच्या दारावर कुणीतरी दगड मारून गेलं. काच फुटली. सिस्टरने ती रात्र औषधांच्या कपाटामागे बसून काढली, आणि सकाळी फ्लोरिना सिस्टरना फोन करून सांगितलं, "मला बदली द्या. कुठेही."

फ्लोरिना सिस्टर दुसऱ्या दिवशी आल्या. काचेला पुठ्ठा लावला होता. त्या पुठ्ठ्यासमोर खुर्ची टाकून बसल्या. "बदली देते," त्या म्हणाल्या. "वसईला जागा आहे. तिथे झगा घालून बाजारात फिरलीस तरी कुणी वळून बघत नाही. आणि इथे राहिलीस तर पंजाबी ड्रेसचा माझा हुकूम आहेच. तुझ्या जिवाला काही झालं तर मी बिजलीबाईला काय तोंड दाखवू?"

गेंदाने पुठ्ठ्याची सुटलेली कड दाबून बसवली. "सिस्टर, त्या मुलीला पावरीत विचारलं तेव्हा तिने तोंड फिरवलं. भाषा तीच, मी तीच. फक्त कपडा नव्हता."

"आणि कपडा होता म्हणून दगड आला."

"हो. दोन्ही खरं आहे."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"माहीत नाही," गेंदा म्हणाली. "मला फार भीती वाटते. पण वसईत ती कमी होईल असं वाटत नाही. तिथे मी झगा घालून फिरेन आणि मनात येत राहील, इथे कुणीतरी शोधतंय आणि दिसत कुणी नाही."

फ्लोरिना सिस्टरनी हुकूम मागे घेतला नाही. एवढंच म्हणाल्या की गेंदापुरतं तिने ठरवावं, आणि ज्या दिवशी झगा घालून निघेल त्या दिवशी निघताना आणि पोचल्यावर त्यांना फोन करावा. गेंदाने बदली घेतली नाही. ती एरवी पंजाबी ड्रेसच घालते आणि त्याची आता तिला फारशी लाज वाटत नाही. पण सिकलसेलच्या पोरांना घेऊन जळगावला जाताना, आणि त्या स्टँडवरून जायचं असेल तेव्हा, झगा घालते. कसं ठरलं, ते तिलाही नीट सांगता येत नाही.

सुनिता दोन महिने मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहिली. आता मावशीकडे आहे आणि गोळ्या नेमाने घेते. मामाला अटक झाली. त्या दोघांवर खटला उभा राहिला आणि सिस्टरला साक्षीचं समन्स आलं. सरकारी वकिलांनी फोनवर सुचवलं, साधे कपडे घालून आलात तर बरं, समोरची बाजू उगाच धर्माचा विषय काढेल.

साक्षीच्या सकाळी ती चारलाच उठली. पिस्ता ड्रेस आणि झगा दोन्ही पलंगावर ठेवले होते. आंघोळ झाली, प्रार्थना झाली, चहा निवून गेला. शेवटी तिने झगा घातला. एकटीला पिन नीट लागेना, म्हणून तिने वेल पिशवीत घेतला आणि रस्त्यावर येऊन, तपासणीसाठी पहाटेच आलेल्या एका बाईकडून लावून घेतला. बाईने पिन लावून दिली आणि तिथेच विचारलं, "सिस्टर, माझ्या सुनेला आठवा लागलाय, पायाला सूज आहे. मीठ बंद करू का?"

सिस्टरने तिला काय करायचं ते सांगितलं. सहाची गाडी आली. ती ड्रायव्हरमागच्या जागेवर बसली, फ्लोरिना सिस्टरना निघाल्याचा फोन केला, पिशवी छातीशी धरली, आणि चोपडा येईपर्यंत तिने मान वर केली नाही.